फवारणी ड्रोनचा ऑटोपायलट: जालन्याच्या शिवाराला कोणता परवडेल?

ऑटोपायलट म्हणजे उडत्या यंत्राचा तोल, दिशा आणि उंची माणसाचा हात न लागता राखणारी यंत्रणा. तिचे पहिले गाजलेले प्रात्यक्षिक 18 जून 1914 रोजी पॅरिसजवळ बेझाँ येथे सीन नदीवर झाले. लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने कर्टिस कंपनीच्या पाण्यावरून उडणाऱ्या विमानात जायरोस्कोपवर चालणारा स्थिरकारक बसवला होता. प्रेक्षकांसमोरून जाताना त्याने दोन्ही हात वर केले आणि त्याचा मेकॅनिक एमिल काशँ पंखावर चालत गेला, तरी विमान सरळ उडत राहिले. त्या काळी ही यंत्रणा जड होती, महाग होती आणि मोठ्या विमानांनाच शोभणारी होती. लहान खासगी विमानाच्या मालकाला परवडतील असे ऑटोपायलट बऱ्याच काळाने आले. गार्मिन कंपनीने 2017 मध्ये सेस्नासारख्या विमानांसाठी जीएफसी 500 जाहीर केला. त्याची सुरुवातीची किंमत सात हजार डॉलरच्या किंचित आत होती. बसवण्याची मजुरी वेगळी.

जालना जिल्ह्यात खासगी विमान बाळगणारे मोजकेच. उडते यंत्र विकत घ्यायचे का आणि घेतले तर त्याचा ऑटोपायलट कसा असावा, हा प्रश्न मात्र इथे आज गावोगावी विचारला जातो. तो फवारणीच्या ड्रोनबद्दल असतो. शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट, अवजारे भाड्याने देणारी केंद्रे आणि कृषी पदवी घेतलेले तरुण असे ड्रोन घेऊ लागले आहेत. विमान आणि ड्रोन यांच्यातला एक फरक खरेदीपूर्वी लक्षात घ्यायलाच हवा. सेस्नाचा ऑटोपायलट बंद पडला तर वैमानिक दांडा हातात घेऊन विमान उतरवतो, कारण पंखांच्या रचनेमुळे विमान मुळातच बऱ्यापैकी स्थिर असते. चार किंवा सहा पंख्यांच्या ड्रोनला अशी स्थिरता नसते. त्याच्या प्रत्येक मोटरचा वेग सेकंदाला शेकडो वेळा दुरुस्त होत असतो आणि ते काम कोणत्याही माणसाच्या हातून होणे शक्य नाही. विमानात ऑटोपायलट ही सोय आहे. ड्रोनमध्ये तो थांबला की ड्रोन पडला. म्हणून ड्रोनच्या किमतीत त्याचा वाटा लहान असला तरी निवडीत त्याला पहिले स्थान द्यावे लागते.

ड्रोनने फवारणी करण्यामागे वेळ वाचवण्यापेक्षा मोठे कारण आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाच्या उंचीची दाट कपाशी, पाठीवर पंप आणि अंगावर परत येणारे तुषार, असे ते काम होते. जालन्यातही कपाशी हेच मोठे पीक आहे. सोबत सोयाबीन, तूर, मका आणि भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी. माणूस विषाच्या तुषारांपासून लांब राहतो, हा ड्रोनचा सर्वांत मोठा गुण आहे. तो टिकायचा असेल तर ड्रोन ठरलेल्या पट्ट्यातून जायला हवा आणि ठरलेल्या जागीच औषध पडायला हवे. ही दोन्ही कामे ऑटोपायलटची.

ऑटोपायलट नावाची डबी आतून साधी असते. कलण्याचा आणि वळण्याचा वेग मोजणारे सूक्ष्म संवेदक, हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर, दिशा सांगणारा कंपास, उपग्रहांवरून जागा काढणारा जीपीएस आणि या सगळ्यांचे हिशेब जुळवणारा प्रोसेसर. स्वस्त आणि महाग डब्यांमधला प्रोसेसरचा फरक आता फारसा उरलेला नाही. फरक उरतो तो जागा, उंची आणि दिशा किती नेमकी कळते यात. विक्रेत्याच्या पत्रकात मात्र स्क्रीनचा आकार आणि कॅमेरा आधी दिसतो.

पहिला मुद्दा जागेचा. साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटरपर्यंत असू शकते. दहा लिटरच्या ड्रोनचा एका फेरीत भिजणारा पट्टा साधारण साडेतीन-चार मीटर रुंद असतो. दोन मीटरची चूक झाली की कपाशीची एक-दोन तासे कोरडी राहतात आणि शेजारच्या तासांवर दुप्पट औषध पडते. कोरड्या तासांत कीड वाचते आणि तिथूनच पुन्हा पसरते. दुरुस्त जीपीएस, ज्याला आरटीके म्हणतात, ही चूक काही सेंटिमीटरवर आणतो. त्यासाठी जमिनीवर एका जागी ठेवलेले दुसरे उपकरण लागते, नाहीतर मोबाइल इंटरनेटवरून दुरुस्तीची माहिती घ्यावी लागते. अशी माहिती देणाऱ्या, भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेल्या कॉर्स केंद्रांचे जाळे महाराष्ट्रात आहे. भूमी अभिलेख खाते रोव्हर हे फिरते उपकरण घेऊन शेतमोजणी करते ती याच केंद्रांच्या आधाराने. तत्त्व तेच असल्यामुळे ज्याने अलीकडे मोजणी करून घेतली आहे त्याला आरटीकेची अचूकता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. डोंगराकडच्या भोकरदन-जाफ्राबादच्या काही शिवारांत मोबाइलला रेंज नसते; तिथे स्वतःचे जमिनीवरचे उपकरण सोबत असलेला संच घ्यावा.

जालना जिल्ह्यात या अचूकतेला आणखी एक कारण आहे. हा जिल्हा रेशीम उद्योगाचा आहे आणि जालन्यात 2018 पासून रेशीम कोषांची बाजारपेठ चालते. कपाशीच्या वावराला लागून तुतीची बाग असणे इथे नवे नाही. कपाशीवरच्या कीटकनाशकाचे तुषार तुतीच्या पाल्यावर गेले आणि तो पाला रेशीम अळ्यांना घातला, तर अळ्या मरतात आणि शेजाऱ्याची संपूर्ण बॅच हातची जाते. म्हणून शेताची हद्द आखताना तुतीच्या बाजूने मोठी पट्टी सोडता येईल, प्रत्येक बांधापासूनचे अंतर वेगवेगळे ठरवता येईल, अशी सोय ऑटोपायलटच्या अ‍ॅपमध्ये हवी. सगळ्या बाजूंनी एकच अंतर धरणारी प्रणाली इथे अपुरी आहे. वाऱ्याने वाहून जाणारे तुषार मात्र कोणताही ऑटोपायलट अडवू शकत नाही. वारा तुतीकडे वाहत असेल तर त्या दिवशी फवारणी न करणे, हा निर्णय माणसानेच घ्यायचा आहे.

उंचीचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा असूनही विक्रीच्या वेळी तो क्वचितच निघतो. ड्रोनने पिकाच्या शेंड्यापासून दोन-तीन मीटर वर राहावे अशी अपेक्षा असते. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो आणि जमिनीलगत दाब एक हेक्टोपास्कलने बदलला तर उंचीत सुमारे आठ मीटरचा फरक दिसतो. सकाळचे ऊन चढताना किंवा ढगाळ दिवशी वाऱ्याचा झोत आला की दाब त्याच्या पाचव्या हिश्शाने सहज हलतो. म्हणजे ड्रोन स्वतःला स्थिर समजत असताना दीड मीटर खाली येऊ शकतो आणि पंखे कपाशीच्या शेंड्यांना टेकू शकतात. शेत उताराचे असेल तर चूक आणखी वाढते. यावर उपाय म्हणजे पोटाखाली बसवलेला रडार उंचीमापक. तो जमिनीपासून नाही, तर खालच्या पिकापासूनचे अंतर मोजतो आणि धूळ व तुषार यांनी सहसा फसत नाही. लेसरवर चालणारे मापक स्वस्त असले तरी फवारणीच्या धुक्यात त्यांचे आकडे उड्या मारतात. पैसे मर्यादित असतील तर स्क्रीन लहान घ्यावी, रडार सोडू नये.

समोरचा अडथळा ओळखणारे रडार वेगळे. ते झाड, घर, टिनपत्र्याचा गोठा ओळखते. विजेची बारीक तार बहुधा त्याच्या नजरेतून सुटते. जालना शहरातल्या जुना जालना भागाच्या कडेची वावरे वस्तीला भिडलेली आहेत. कुंडलिका नदीच्या काठाने वस्ती वाढत गेली तसे बांधांवर खांब आले, घरांच्या गच्च्या आल्या. औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांना वीज नेणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्याही याच परिसरातून जातात. अशा शेतात अडथळ्यांची नोंद आधी पायी फिरून करावी लागते. खांब, तारा, विहीर, निंबाचे झाड ही प्रत्येक जागा नकाशावर टिपून तिच्याभोवती निषिद्ध वर्तुळ आखता येणे, ही ऑटोपायलटची आवश्यक सोय मानली पाहिजे. केवळ रडारवर भिस्त ठेवून तारांखालून ड्रोन नेणे धोक्याचे आहे.

दिशेचा मुद्दा जालन्याच्या लोखंडाशी जोडलेला आहे. कंपास पृथ्वीचे क्षीण चुंबकत्व मोजतो. जवळचे लोखंड आणि तारांतला विद्युतप्रवाह त्याला भरकटवतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून, विहिरीच्या लोखंडी गर्डरजवळून किंवा बोअरच्या केसिंगशेजारून ड्रोन उडवला की वर गेल्यावर तो गोल-गोल घेर घेत भरकटतो आणि पायलट समजतो की जीपीएस बिघडला. सळईचे ट्रक आणि कारखाने ज्या भागात रोजचे आहेत तिथे ही अडचण वारंवार येते. दोन जीपीएस अँटेना असलेला संच दिशा उपग्रहांवरूनच काढतो, त्यामुळे लोखंडाचा त्रास त्याला होत नाही. काही वर्षांपूर्वी ही सोय मोठ्या यंत्रांपुरती होती, आता दहा लिटरच्या ड्रोनमध्येही मिळते. जुना जालना आणि औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांत काम करायचे असेल तर तिच्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

औषधाचा पंप ऑटोपायलटच्या ताब्यात असतो आणि स्वस्त व चांगल्या यंत्रणेतला फरक सर्वांत स्पष्ट इथे दिसतो. हिशेब साधा आहे. चार मीटर रुंद पट्टा आणि सेकंदाला चार मीटर वेग धरला तर सेकंदाला सोळा चौरस मीटर भिजतात. एकरात सुमारे 4,047 चौरस मीटर असतात, म्हणजे वळणे सोडून सव्वाचार मिनिटे. एकरी दहा लिटर द्रावण घालायचे तर मिनिटाला साधारण 2.4 लिटर सुटायला हवे. पण ड्रोन धुऱ्यावर वळताना वेग कमी करतो. पंप त्याच गतीने चालू राहिला तर धुऱ्यालगतच्या पिकावर कितीतरी जास्त औषध पडते आणि पाने जळतात. चांगला ऑटोपायलट वेगाच्या प्रमाणात पंप कमी-जास्त करतो, वळणावर बंद करतो, आणि प्रवाहमापक असेल तर खरोखर किती औषध गेले तेही नोंदवतो. टाकी मध्येच रिकामी झाली तर ती जागा लक्षात ठेवून, भरून आल्यावर तिथूनच पुढे सुरू करणे ही दुसरी गरज. तिच्याविना पायलट अंदाजाने काम सुरू करतो आणि मधला तुकडा एकतर सुटतो किंवा दोनदा भिजतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये ड्रोन फवारणीची सर्वसाधारण कार्यपद्धती आणि 2023 मध्ये पिकानुसार कार्यपद्धती प्रसिद्ध केली. कपाशी आणि सोयाबीन यांसाठीचे प्रमाण त्यांत पाहून पंपाचे आकडे बसवता येतात.

बिघाडाच्या वेळी ऑटोपायलट काय करतो, यावर ड्रोन किती दिवस टिकेल ते ठरते. रिमोटचा संपर्क तुटला, बॅटरी उतरली, जीपीएसचे उपग्रह कमी झाले, ड्रोनने आखलेली हद्द ओलांडली, अशा प्रत्येक प्रसंगी आधीच ठरवलेली कृती व्हावी लागते. संपर्क तुटल्यावर ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढून मगच उडालेल्या जागेकडे वळतो. ती उंची बांधावरच्या सर्वांत उंच झाडापेक्षा कमी बसवलेली असेल तर परतीचा हा सुरक्षित मार्गच अपघाताचा ठरतो. बहुतेक ड्रोनमध्ये ही उंची कारखान्यातून जी येते तीच राहते. बॅटरीचा इशारा नुसत्या व्होल्टेजवर चालत असेल तर भरल्या टाकीने चढताना व्होल्टेज क्षणभर पडते आणि ड्रोन विनाकारण परततो. वापरलेली वीज मोजणारी प्रणाली अधिक भरवशाची. पंख्यांच्या संख्येचाही इथे संबंध येतो. सहा पंख्यांपैकी एक बंद पडला तर हलक्या वजनावर चांगला ऑटोपायलट ड्रोन खाली आणू शकतो. चार पंख्यांत ही संधी जवळजवळ नसते.

बाजारात ऑटोपायलटच्या दोन जाती आहेत. एक बंद प्रणालीची. जियी आणि व्हीके या चिनी नावांचे कंट्रोलर भारतात जुळणी होणाऱ्या शेती ड्रोनमध्ये बरेच दिसतात. केंद्र सरकारने 9 फेब्रुवारी 2022 रोजी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, पण सुट्या भागांना मोकळीक राहिली, त्यामुळे हा पुरवठा चालू राहिला. हे कंट्रोलर फवारणीसाठीच बनलेले असतात, अ‍ॅप सोपे असते आणि नवख्या पायलटला ते लवकर जमतात. त्यांची अडचण बिघाडानंतर कळते. उड्डाणाची नोंद बहुधा कंपनीलाच वाचता येते, दुरुस्तीची परवानगी कंपनीकडूनच घ्यावी लागते आणि भाग मिळेपर्यंत हंगाम उलटतो.

दुसरी जात खुल्या प्रणालीची. स्वित्झर्लंडमधील झ्युरिकच्या तांत्रिक विद्यापीठात लॉरेन्झ मायर आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेला पिक्सहॉक हा आराखडा आणि आर्डूपायलट हे सॉफ्टवेअर यांवर अनेक भारतीय कंपन्यांचे ड्रोन चालतात. क्यूब ऑरेंज हा त्याच घराण्यातला प्रचलित कंट्रोलर. आर्डूपायलटमध्ये वेगानुसार पंप चालवण्याची सोय मुळातच आहे. त्याचा परवाना असा आहे की बदल करून विकणाऱ्याने मागणी झाल्यास बदललेला स्रोत द्यावा लागतो. पडलेल्या ड्रोनची नोंद कोणताही जाणकार अभियंता उघडून दोष मोटरचा होता, बॅटरीचा की पायलटचा हे सांगू शकतो. विमा आणि हमीच्या वादात याचा फार उपयोग होतो. उणीव अशी की यात बदलता येणारे आकडे शेकड्यांनी आहेत आणि चुकीचा एक आकडा ड्रोन पाडू शकतो. म्हणून खुली प्रणाली घ्यावी ती जुळणी करणाऱ्या कंपनीने नीट बसवून कुलूपबंद केलेली. हौसेने आकडे फिरवण्याचा प्रयोग भरल्या टाकीवर कोणी करू नये. दोन्ही जातींत मोजमाप सारखे असेल तर खुल्या प्रणालीकडे कल असावा. दहा वर्षांनीही तिचे सुटे भाग आणि जाणकार सापडण्याची शक्यता अधिक आहे.

निवडीला कायद्याची एक मर्यादा आहे आणि ती माहीत नसल्याने नुकसान होते. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणीचा ओळख क्रमांक लागतो आणि व्यवसायासाठी वापरायच्या ड्रोनला प्रारूप प्रमाणपत्र लागते. फवारणीचे दहा लिटरचे बहुतेक ड्रोन 25 किलोच्या आतले, म्हणजे लहान वर्गातले. प्रमाणपत्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालय एका ठरावीक रचनेला देते आणि ऑटोपायलट हा त्या रचनेचा गाभा आहे. स्वस्त ड्रोन घेऊन नंतर त्यात चांगला ऑटोपायलट बसवू, हा बेत म्हणून फसतो. खासगी विमानात जसे त्या विमानासाठी मंजूर झालेलेच यंत्र बसवावे लागते, तसेच इथेही. निवड खरेदीच्या दिवशीच करायची असते. विमान चालवणाऱ्याला जसा परवाना, तसे ड्रोन चालवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वय 18 ते 65 आणि शिक्षण दहावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात असे मान्यताप्राप्त प्रशिक्षण मिळते. त्रयस्थाचा विमाही सक्तीचा आहे. जालन्याचा बहुतांश परिसर 400 फुटांपर्यंत हिरव्या, म्हणजे उड्डाणाला वेगळी परवानगी न लागणाऱ्या क्षेत्रात येतो, तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा प्रत्येक नव्या गावासाठी पाहावा.

पैशाचा हिशेब अनुदानाशिवाय पूर्ण होत नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानात अवजार केंद्र चालवणाऱ्या सहकारी संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना किमतीच्या 40 टक्के, कमाल 4 लाख रुपये मिळतात. कृषी पदवीधरांच्या केंद्रांना, तसेच अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, कमाल 5 लाख. नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना 80 टक्के, कमाल 8 लाख. या मर्यादा ड्रोन, बॅटऱ्या आणि सामान अशा पूर्ण संचाचा विचार करून ठरल्या आहेत. कंट्रोलरची किंमत काही हजारांत असते, संच लाखांत जातो. आरटीके आणि रडार वगळून किंमत खाली आणलेला ड्रोन अनुदानानंतर थोडा स्वस्त पडतो, पण त्याच्या वाया गेलेल्या औषधात आणि मोडलेल्या पंख्यांत तो फरक लवकर निघून जातो.

विक्रीनंतरची सेवा हा भाग थोडक्यात सांगता येतो: जालना किंवा छत्रपती संभाजीनगरात सुटे भाग ठेवणारा आणि ऑटोपायलटची नोंद वाचता येणारा माणूस ज्या कंपनीचा आहे, तीच कंपनी. बोंडअळीच्या दिवसांत पंधरा दिवस बंद पडलेला ड्रोन कितीही अचूक असला तरी निरुपयोगी आहे.

खरेदीआधी प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या मैदानावर न पाहता स्वतःच्या वावरात, टाकीत साधे पाणी घालून आणि विक्रेत्याच्या प्रमाणपत्रधारक पायलटच्या हातून पाहावे. ड्रोन एका जागी सोडून मिनिटभर तो किती सरकतो ते बघावे. जमिनीवर जागोजागी पांढरे कागद ठेवून दोन लागोपाठच्या पट्ट्यांत कोरडी फट राहते का ते तपासावे, आणि वळणाजवळचे कागद मधल्या कागदांपेक्षा जास्त भिजले का तेही. उताराच्या टोकाला ड्रोनची पिकापासूनची उंची तीच राहते का हे बाजूने उभे राहून पाहावे. माणसे लांब उभी करून रिमोट बंद करायला सांगावा, आणि ड्रोन झाडांच्या वर चढून मगच परत येतो का ते पाहावे. काम मध्येच थांबवून पुन्हा सुरू करायला लावावे. ज्या विक्रेत्याला यातली एखादी जरी चाचणी द्यायला नको वाटते, त्याचा ड्रोन घेऊ नये. प्रारूप प्रमाणपत्र, आरटीके, पोटाखालचे रडार, वेगानुसार चालणारा पंप आणि जिल्ह्यात किंवा शेजारी दुरुस्ती या पाच गोष्टी ज्यात आहेत, तो जालन्याच्या शेतकऱ्याला परवडणारा ऑटोपायलट. यातली एक जरी नसेल तर सध्या ड्रोन भाड्याने घेऊन फवारणी करून घ्यावी आणि खरेदी पुढच्या हंगामावर ठेवावी.